तीन अंश

तोरणमाळच्या पठारावर, डिसेंबरात,
गोधडीत गुंडाळून आणलेली पेटी उघडली
तर आत शहाद्याच्या रस्त्याची धूळ.
धुडकू मिस्त्रीने फुंकर मारली नाही.
"फुंकरमा थुका ऱ्हास," म्हणाला,
आणि सायकलच्या पंपाला नळी जोडून
काचेवर नुसता वारा सोडला.

कडं त्याचंच. धुळ्यात, लेथवर, चार दिवस कातलेलं.
शून्य, साडेबावीस, पंचेचाळीस, साडेसदुसष्ट:
चार खाचा, आणि खाचेत बसणारी एक गोळी
जी टक् वाजते,
अंधारात कानाने मोजता यावं म्हणून.
कड्यात नखाएवढी एक पट्टिका.
तिची खोड अशी
की तिला एक अंश वळवावं
तर प्रकाश दोन अंश वळतो.

तिच्यामागे लोलक, कॅल्साइटचा.
हा दगड आम्हाला परका नाही.
विहीर खणताना काळ्या पाषाणाच्या पोटातून
असे खडे निघतात,
पोरं ते पुस्तकावर ठेवतात
आणि एका ओळीच्या दोन ओळी वाचतात.

गुलसिंग पावराने बॅटरीवर पतंगाचा लाल कागद बांधला.
बिघडलेल्या कॅल्क्युलेटरची काच खरवडून
मी चाचणीचा तुकडा आणला होता;
तो समोर धरला, कडं वळवलं,
एक ठिपका विझत गेला, दुसरा पेटत.
म्हणजे यंत्र जागं होतं.

मग दुर्बीण शर्मिष्ठेकडे.
"एक तारा, दोन कसा दिखतस?"
एकाचं कंपन उभं, दुसऱ्याचं आडवं, मी सांगू लागले.
"म्हणजे एक ताणा, एक बाणा,"
मिस्त्री म्हणाला. त्याचा बाप मागावर होता.
वीस वर्षं मी हे वर्गात शिकवते,
इतक्या थोडक्यात कधी जमलं नव्हतं.

पहिला तारा मुद्दाम जवळचा घेतला,
ज्याच्या उजेडाला वाटेत कुणी भेटलेलं नाही,
ज्याला कसलाच कल नाही.
तरी आकडा आला. छोटा, पण आला.
तो ताऱ्याचा नव्हता. आरशाचा, भिंगाचा,
आमचा होता.
वहीच्या पहिल्या पानावर तो लिहून ठेवला.
यापुढे जे दिसेल त्यातून
आधी हे वजा.

दुसरा तारा लांबचा.
मधे धूळ. थंड, बारीक, कुणी न पाहिलेली,
पण एका अंगावर निजलेली.
आश्विनात पांझरेचं पाणी ओसरलं
की काठचं गवत सगळं एकीकडे झोपलेलं असतं ना,
पाणी गेलेलं, त्याची दिशा राहिलेली,
तसं काहीतरी.
यादीत त्याचा कोन ब्याण्णव.
आमचा आला अठ्ठ्याण्णव.

पुन्हा मोजला. अठ्ठ्याण्णव.
गुलसिंगने चहा आणला, तो कुणी घेतला नाही.
मिस्त्री कड्यावर अंगठा फिरवत राहिला,
शून्याच्या खाचेशी थांबला.
"सहा दिखतस म्हणजे मूळ तीन ना, बाई?"
हो.
"मंग ह्या तीन अंश मन्हा शेतस."

त्याने खिशातून कानस काढली.
मी हात धरला.
नवी खाच नवी चूक आणेल, म्हटलं,
ही निदान ओळखीची झाली.
त्याला ते पटलं नसावं. कानस बराच वेळ
हातातच होती, गार पडेपर्यंत.
शेवटी म्हणाला, मग नाव तरी लिहा.
लिहिलं:
शून्याची चूक, तीन अंश, धुडकू.

तलावावरून धुकं वर येत होतं.
मिस्त्री गोधडी घेऊन जीपमध्ये निजला,
तीच गोधडी, पेटीची.
कडं वळवायला गुलसिंग उभा राहिला,
चौदा वर्षांचा, टोपरं बांधून, श्वास रोखून.
टक्.
मी वर पाहिलं नाही.
लिहिलं, पंचेचाळीस.